मिठाची ऊब

‘गुरुजी, हात काय शेकत बसलात? पाय करा की म्होरं. गारठलेत ते तर पायच ना तुमचं?’

उसाच्या फडाच्या बांधावर सखाहरीने पाचटाची शेकोटी पेटवली होती. तो त्या फडाचा राखणदार. आमच्या दोन्ही सायकली त्यानेच आमच्या हातांतून काढून घेऊन बाभळीला टेकवल्या होत्या, कारण आमची बोटे हँडलवरून सुटण्याच्या स्थितीत नव्हती. माझे गुरू, वेदमूर्ती नरहरशास्त्री पाराशरे, शेकोटीपासून थोडे अंतर राखून उकिडवे बसले होते. तळहात त्यांनी ज्वाळेसमोर धरले होते. पावले मात्र लोकरीच्या धाबळीच्या घोळात मागे ओढून घेतली होती.

‘सखाहरी, अग्नी हा देव आहे. देवाकडे कोणी पाय करीत नाही,’ गुरुजी म्हणाले.

‘ह्यो द्येव? आता माझ्या इडीच्या काडीनं पेटवला म्या.’

‘काडी तुझी असेल. अग्नी तुझा नव्हे.’

‘मंग थंडी बी द्येवच आसंल. दोन द्येवांच्या भांडनात तुमचं पाय कशाला मधी घालता?’

गुरुजी मनापासून हसले. ‘याला पूर्वपक्ष म्हणतात, पद्माकर,’ ते मला म्हणाले. ‘उत्तर शोधून ठेव.’ मग ते उठू लागले आणि उठता उठता एका बाजूला कलले. मी सावरले. ‘काही नाही रे,’ ते म्हणाले, ‘पाय नेमके कोठे टेकले आहेत तेच उमगत नाही. फार गारठले आहेत.’

निफाडच्या बाजूचा हिवाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना ही थंडी सांगून समजायची नाही. कडवा नदीच्या काठी गव्हाच्या पातीवरचे दव पहाटे गोठून पांढरे होत असे, आणि सायकलचा वेग वाढवावा तर वारा पायाच्या बोटांतून शिरून गुडघ्यापर्यंत चढत असे. अशाच दिवसांत धनुर्मास येतो. सूर्य धनु राशीत असेपर्यंत देवाला सूर्योदयाच्या क्षणी मुगाच्या खिचडीचा नैवेद्य दाखवावयाचा, हा नियम. नदीपलीकडच्या सारोळ्याच्या लक्ष्मीनारायणाचा हा नियम गुरुजींच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. त्यासाठी आम्ही अंधारातच निघत असू. गुरुजी पुढे, मी मागे. माझ्या सायकलीच्या कॅरिअरला तुपाचा आणि तिळाचा डबा बांधलेला असे. मी तेव्हा विशीतला, त्यांच्या घरी राहून याज्ञिकी शिकणारा शेवटचा विद्यार्थी. बाकीचे नोकऱ्यांच्या वाटेने निघून गेले होते.

गुरुजींनी कातडे वर्ज्य केले होते. पायांत वहाण नाही. सायकलीचे सीट कातड्याचे, म्हणून त्यावर त्यांनी धाबळीचा तुकडा शिवून घेतला होता. लोकर सोवळ्याला चालते, म्हणून पायांत तेवढे लोकरीचे जाड मोजे असत आणि ते झिजू नयेत यासाठी खाली तरटाचा तळ शिवलेला असे. ते मोजे विणणे, तो तळ शिवणे ही सारी कामे मनूताईंची.

मनूताई म्हणजे गुरुजींची एकुलती कन्या मनोरमा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. येवल्याकडे दिली होती. नवरा तापाने अंथरुणाला खिळला असताना एका संध्याकाळी तिने वैद्यांचे औषध उगाळून त्याला पाजले आणि पहाटे तो गेला. सासूने सुतकात भेटायला आलेल्या माणसांसमोर तिची दोन्ही मनगटे धरून वर केली आणि म्हणाली, ‘या हातांनी पाजलंन आणि गेला. बघून ठेवा हे हात.’ गुरुजी त्याच दिवशी तिला घेऊन परत आले. हे मला गुरुजींनी कधी सांगितले नाही. गावात ज्याने त्याने सांगितले. मी पाहिले ते एवढेच, की मनूताई स्वयंपाक उत्तम करीत, पण घरात कोणी आजारी पडले की त्या उंबऱ्याच्या आत येत नसत. मला एकदा पडसे झाले तेव्हा काढा करून त्यांनी तो खिडकीत ठेवला आणि बाहेरून म्हणाल्या, ‘तुझ्या हाताने घे रे.’

त्या दिवशी जेवताना गुरुजींनी सखाहरीचा पूर्वपक्ष रंगवून सांगितला. मनूताई वाढता वाढता थांबल्या. भांडे हातात तसेच.

‘अण्णा, मीठ चालेल का?’

‘मीठ वाढलेले आहे की.’

‘ताटातले नव्हे. खडेमीठ तव्यावर भाजून फडक्यात बांधले तर पुष्कळ वेळ ऊन राहते. मोज्यात, तळव्याखाली पुरचुंडी ठेवायची. सारोळ्यापर्यंत पाय उबेत राहतील.’ मग घाईने, जणू आपण मर्यादा ओलांडली असे वाटून, त्या म्हणाल्या, ‘अग्नीला पाय लागत नाही त्यात. म्हणून म्हटले.’

गुरुजींनी हातातला घास ताटात ठेवला. कितीतरी वर्षांनी मुलगी आपण होऊन कोणाच्या शरीरासाठी काही करू म्हणत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या वेळी वाचता आले नाही. मला वाटले, ते निर्णय शोधीत आहेत.

‘मीठ समुद्राचे अपत्य,’ ते सावकाश म्हणाले. ‘त्याला अग्नीचा संस्कार झाला, तरी ते अग्नी होत नाही. चालेल. उत्तम चालेल. पद्माकर, सखाहरीला उत्तर मिळाले हो!’

दुसऱ्या पहाटे चुलीवर तवा चढला. मीठ तडतडू लागले. मनूताईंनी दोन पुरचुंड्या बांधल्या, हातावर घेऊन पाहिल्या, आणि गुरुजींच्या पायांशी ठेवल्या. गुरुजींनी त्या मोज्यांत सारल्या आणि वरून दुसरे मोजे चढवले.

आम्ही परत आल्यावर मनूताईंनी दारातच विचारले, ‘लागली का ऊब, अण्णा?’

नरहरशास्त्री असत्य बोलत नाहीत, ही पंचक्रोशीतली ख्याती होती. जमिनीच्या तंट्यात दोन्ही पक्ष त्यांचाच शब्द मागत. ते म्हणाले, ‘थोडी कमी पडली, मनू. अजून गारच वाटतात.’

‘उद्या जास्त भाजते.’

त्या मीठ जास्त भाजू लागल्या. रोज त्या विचारीत आणि रोज गुरुजी जे वाटे ते खरे सांगत. खड्यांचा रंग पांढऱ्याचा पिवळसर झाला. एका पहाटे पुरचुंडी हातात घेताच मनूताईंनी ती ताटलीत टाकली.

‘अण्णा, मला चटका बसला. ही नको.’

‘तुझा हात मऊ आहे,’ गुरुजी म्हणाले. ‘माझा तळवा म्हणजे वहाणेवाचून हिंडलेले वाळके लाकूड. आण इकडे.’ आणि ती उजव्या मोज्यात सारून ते समाधानाने म्हणाले, ‘आज जराशी जाणवते आहे हो. आज जमले तुला.’

मनूताई हसल्या. त्यांना हसताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. त्या दिवशी त्या आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आल्या आणि गुरुजींच्या सायकलीचा दिवा स्वतःच्या पदराने पुसून म्हणाल्या, ‘सावकाश जा. खडीच्या रस्त्याने नको.’

धनुर्मास उतरणीला लागला होता. त्या दिवशी सारोळ्याला पोचून खिचडी शिजवली आणि ती शिजल्यावर मोजे उतरवून आम्ही अंधारातच विहिरीवर पाय धुतले. मी पाणी ओतले, गुरुजींनी नेहमीप्रमाणे एका पायाने दुसरा चोळून धुतला. पूर्वेला तांबडे फुटत होते. गुरुजी ताट घेऊन सभामंडपातून गाभाऱ्याकडे निघाले आणि मी समई घेऊन मागे. मंडपाची फरशी काळ्या दगडाची, घोटून आरशासारखी झालेली. तिच्यावर त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटत होते. डावा ठसा पाण्याचा होता. उजवा पाण्याचा नव्हता.

मी समई खाली धरली. उजव्या ठशात लाल आणि पिवळे असे काही होते, आणि एका ठिकाणी त्वचेचा एक पातळ पापुद्रा दगडाला चिकटून राहिला होता.

‘गुरुजी, थांबा.’

‘सूर्य थांबत नाही, पद्माकर.’

‘गुरुजी, पायाला रक्त आहे.’

ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थबकले. मागे वळून त्यांनी आपलेच ठसे पाहिले. चेहऱ्यावर वेदना नव्हती. कोणा दुसऱ्याच्या पावलांची वाट निरखावी तसे ते पाहत होते. मग त्यांनी ताट माझ्या हातांत दिले. ‘रक्ताने आत जाता येत नाही. नैवेद्य तू दाखव.’

‘मी?’

‘मंत्र येतात ना? जा. किरण आले.’

मी नैवेद्य दाखवला. मंत्र चुकला नाही. बाहेर आलो तेव्हा गुरुजी मंडपाच्या पायरीवर बसून उजवा पाय डाव्या मांडीवर घेऊन पाहत होते. तळव्याच्या मध्यभागी फडक्याची वीण उमटली होती, आणि जेथे पुरचुंडीची गाठ येई तेथे खोल काळा डाग होता. बाजूचे कातडे भाजलेल्या वांग्यासारखे सुटून आले होते. गुरुजींनी त्या डागावर बोट दाबले.

‘दुखते का?’ मी विचारले.

‘तेच पाहतो आहे,’ ते म्हणाले. ‘नाही दुखत.’

डावा पाय त्यांनी तपासला. तो लाल होता, पण अखंड होता. सूर्य वर आला. देवळाच्या कळसावरची पाखरे उडून गेली.

‘पद्माकर,’ ते अखेर म्हणाले, ‘माझ्या उजव्या पायडलचे रबर सैल आहे. ते काढ.’

‘आता? कशासाठी?’

‘काढ म्हणतो ना. आतला खिळा बाहेर दिसला पाहिजे.’

मी दगडाने ठोकून रबर काढले. गंजलेला खिळा उघडा पडला.

‘हा खिळा माझ्या पायाला लागला,’ गुरुजी म्हणाले. ‘घरी गेल्यावर असे सांगायचे.’

ज्यांच्या तोंडून मी सत्याची व्याख्या शिकलो होतो ते हे बोलत होते. ‘गुरुजी, पण हे…’

‘हे असत्य आहे. मला कळते.’ त्यांचा आवाज स्थिर होता. ‘ते मी बोलणार आहे, तू केवळ गप्प राहायचे. मनूच्या कानी हे जाता कामा नये. एकदा तिचे हात लोकांसमोर धरून वर केले गेले आहेत. आता बापाचा पायही तिच्याच हातांनी जळला असे तिला कळले, तर ती त्या हातांचे काय करील, सांग मला.’

मी त्या गंजलेल्या खिळ्याकडे पाहिले.

‘ही आज्ञा आहे. मी जिवंत असेतो पाळायची.’

मी त्यांच्या पायांना हात लावून होय म्हटले. पुरचुंड्या आणि आतले करपलेले मोजे आम्ही विहिरीमागच्या निवडुंगात टाकले. तरटाच्या तळाला त्यांनी स्वतः त्या खिळ्याने भोक पाडले. मग मी त्यांना माझ्या कॅरिअरवर बसवले आणि त्यांची सायकल एका हाताने ओढीत पायी घरी आणले.

‘खिळा लागला, मनू,’ त्यांनी दारातच सांगितले. ‘पायडलचा. माझेच दुर्लक्ष.’

‘आणि आतले मोजे?’

‘रक्ताने भरले, टाकले.’

मनूताईंनी सायकलीजवळ जाऊन तो खिळा पाहिला. त्याला हात लावला. ‘मेला!’ एवढेच त्या खिळ्याला म्हणाल्या आणि पाणी तापवायला आत गेल्या.

जखम गुरुजींनी मनूताईंना कधी पाहू दिली नाही. ‘ओवळे आहे, तू स्वयंपाकात असतेस,’ असे निमित्त त्यांनी काढले. पट्टी मी बांधत असे. जखम बरी होईना. कडा काळ्या पडत गेल्या, वास येऊ लागला, आणि संक्रांतीनंतर त्यांना ताप भरला तेव्हा बैलगाडीने आणि मग मोटारीने नाशकाच्या इस्पितळात नेले.

डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलणारे. मनूताई बाहेर ओसरीत होत्या. पट्टी सोडताच ते म्हणाले, ‘कोण म्हणते खिळा? हे भाजलेले आहे.’

गुरुजींनी हात जोडले. ‘आपले म्हणणे खरे आहे. बाहेर माझी मुलगी बसली आहे. तिच्यापुढे मात्र खिळाच म्हणावे, एवढी भिक्षा घालावी.’

डॉक्टरांनी सोडलेली पट्टी खाली ठेवली. ‘शास्त्रीबुवा, तुम्हाला मधुमेह आहे, ठाऊक आहे?’

‘वैद्यांनी जांभळाच्या बियांचे चूर्ण दिले होते.’

‘तुमचे पाय गारठलेले नव्हतेच. त्यांची जाणीव गेली आहे. बर्फावर ठेवा की निखाऱ्यावर ठेवा, तुम्हाला सारखेच.’ त्यांनी डाव्या पायाच्या अंगठ्यात टाचणी टोचली. गुरुजींना कळले नाही. ‘उजवा घोट्याच्या वरून काढावा लागेल. डावा सांभाळा. त्याला ऊन असे काहीही लावायचे नाही, ऊन पाणीसुद्धा नाही. घरच्यांना नीट समजावून सांगा.’

‘मी सांगेन,’ गुरुजी म्हणाले.

पाय काढला. इस्पितळातून घरी आणले तेव्हा माघ लागला होता, पण थंडी हटली नव्हती. उलट उत्तरेचे वारे सुटले होते. गुरुजी मनूताईंना सांगतील अशी मी वाट पाहत होतो. पण काय सांगणार होते? उष्णतेने पाय जातो हे सांगायचे, तर पहिला पाय कशाने गेला हे ती एका क्षणात जाणणार. ते बोलायला तोंड उघडीत आणि दुसरेच काही विचारीत. दोन दिवसांनी त्यांना पुन्हा ताप चढला आणि ते ग्लानीत गेले.

तिसऱ्या प्रहरी मी गावातून औषध घेऊन आलो. माजघरात खडे तडतडल्याचा आवाज होता. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

मनूताई गुरुजींच्या पायथ्याशी बसल्या होत्या. आजाऱ्याच्या खोलीत, अंथरुणाला टेकून. डावे पाऊल त्यांनी मांडीवर घेतले होते, त्याला लोकरीचा नवा मोजा चढवला होता, आणि तळव्याशी मोज्याचा फुगवटा दिसत होता. दुसऱ्या पुरचुंडीसाठी त्या तव्यावर मीठ भाजीत होत्या. शेजारी शेगडी होती. तिचे तोंड मात्र पलीकडे वळवलेले होते, पायाकडे नव्हे.

‘हळू,’ त्या कुजबुजल्या. ‘आत्ता झोपले आहेत. पाऊल कसे बर्फ झाले होते रे! एक तर त्या मेल्या खिळ्याने नेला. हा तरी उबेत राहू दे.’ आणि मग थोड्या संकोचाने, ‘मला भीती वाटत होती जवळ यायला. पण म्हटले, मिठाचे त्यांना आवडले होते.’

मला आज्ञा आठवत होती. ‘मी जिवंत असेतो,’ ते म्हणाले होते. आणि ते जिवंत होते, माझ्यासमोर श्वास घेत होते. मी ज्या कुळात वाढलो आणि ज्या घरात शिकलो तेथे गुरूच्या शब्दाला तराजूत घालण्याची रीत नव्हती. मी गुरुजींच्या कपाळाकडे पाहिले. मग त्या फुगवट्याकडे.

‘ताई, ते काढा.’

‘का रे?’

‘काढा ते. आधी काढा.’

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि न समजता, पण घाईने मोजा उतरवला. तळव्यावर लाल टिळा उमटला होता आणि त्याच्या मध्यावर पाण्याचा फोड येऊ लागला होता. गुरुजी झोपेतच होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नव्हती.

‘यांना जाणवत नाही,’ मी म्हणालो. ‘पायांत जाणीवच नाही. मधुमेहाने गेली आहे. डॉक्टरांनी सांगितले आहे की ऊन काही लावायचे नाही.’

‘कधी सांगितले?’

‘इस्पितळात. पाय काढण्याआधी.’

‘मला का नाही सांगितले?’

त्यांची नजर त्या फोडावर होती. मग ती हळूहळू उजवीकडे सरकली, जेथे पांघरूण सपाट होते. मग तव्याकडे. मग त्यांनी आपले दोन्ही तळहात उताणे करून मांडीवर ठेवले आणि त्यांकडे पाहत राहिल्या.

‘खिळा नव्हता,’ त्या म्हणाल्या.

‘नव्हता.’

‘रोज जास्त भाजत होते मी. विचारून विचारून.’

‘ताई, तुम्हाला ठाऊक नव्हते. त्यांनाही ठाऊक नव्हते.’

‘तेव्हाही ठाऊक नव्हते मला,’ त्या म्हणाल्या, आणि ‘तेव्हा’ म्हणजे येवल्याची ती संध्याकाळ हे मला समजले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी फुंकर घालून शेगडी विझवायचा प्रयत्न केला, मग अग्नीला तोंडाने फुंकून विझवीत नाहीत हे आठवून थांबल्या, आणि राखेने ती झाकली.

तो फोड पुढे महिनाभर चिघळला आणि चैत्राच्या सुमारास भरला. डावा पाय राहिला. पण त्या तिसऱ्या प्रहरी हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

ऊन कलले तेव्हा गुरुजींनी डोळे उघडले. ताप थोडा उतरला असावा, कारण नजर स्वच्छ होती. त्यांनी उघडे पाऊल पाहिले, तवा पाहिला, मुलीचे मांडीवर उताणे पडलेले हात पाहिले. शेवटी माझ्याकडे पाहिले.

‘तू सांगितलेस.’

‘हो, गुरुजी.’

‘आज्ञा होती.’

‘होती.’

त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. या विषयावर ते माझ्याशी नंतर कधीच बोलले नाहीत. मात्र त्या दिवसापासून त्यांनी मला कधी आज्ञा केली नाही. ‘करतोस का?’ असे विचारू लागले. त्यांच्या तोंडचे ते आर्जव मला आज्ञेपेक्षा जड जात असे.

त्यांनी मान वळवली. ‘मनू.’

मनूताई आपल्या हातांकडेच पाहत होत्या.

‘मनू, तो खिळाच होता.’

मी चमकून पाहिले. ते पूर्ण शुद्धीत होते. तिला सारे समजले आहे हे त्यांना समजले होते, आणि मी साक्षीला उभा होतो. तरी ज्या स्वरात ते अग्नीसमोर संकल्प सोडीत त्याच स्वरात त्यांनी ते पुन्हा उच्चारले. ‘गंजका खिळा. मी पाहिला आहे.’

बाहेर गुरे परतत होती.

‘हो, अण्णा,’ त्या म्हणाल्या. ‘खिळाच होता.’

‘मला तहान लागली आहे.’

तांब्या मनूताईंच्या हाताशी होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ‘पद्माकर, तू दे.’

मी पुढे झालो, तसे गुरुजींनी तोंड फिरवले. ओठ कोरडे पडून त्यांना चिरा गेल्या होत्या.

‘याच्या हातचे नको,’ ते मनूताईंच्या हातांकडे पाहत म्हणाले.

‘अण्णा, हट्ट करू नका. ताप आहे तुम्हाला.’

‘मग मी थांबतो.’

ते थांबले. मी भिंतीला टेकून बसलो. उजेड खिडकीतून भिंतीवर चढला, आढ्यापाशी गेला आणि नाहीसा झाला. एकदा त्यांनी जिभेने ओठ चाटले. मनूताईंनी ते पाहिले आणि पाठ केली. शेजारच्या घरी कोणी दिवा लावला. आमच्या घरात कोणी उठले नाही. गुरुजींचा श्वास कोरडा, खरखरीत येऊ लागला. मी दोनदा तांब्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

मग अंधारात मनूताई उठल्याचा आवाज आला. त्या परसात गेल्या. रहाट कुरकुरला. त्या पुष्कळ वेळ हात धूत होत्या, पाणी दगडावर पडल्याचा आवाज आत येत होता. परत आल्या त्या ताजे भरलेले भांडे घेऊन. डावा हात त्यांनी गुरुजींच्या मानेखाली घातला, डोके उचलले आणि उजव्या हाताने भांडे त्यांच्या ओठांना लावले.

गुरुजी घोट घोट पीत राहिले. ते पीत होते तोवर मनूताईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.